माहितीदाता, वय अठ्ठेचाळीस

भंडाऱ्यात कॉलेजच्या रस्त्यावर प्रफुल्लचं झेरॉक्सचं दुकान होतं. पुढे काउंटर आणि मशीन, मागे पंख्याखाली एक संगणक, आणि संगणकापुढे रत्नमाला शेंडे. फेब्रुवारी लागला की तिथं एम.ए.च्या पोरापोरींची गर्दी व्हायची. प्रत्येकाच्या हातात स्वतःची चार पानं आणि काखेत मागच्या वर्षीच्या कुणाचा तरी बांधलेला लघुप्रबंध, काळ्या रेक्झिनचा, वर सोनेरी अक्षरं असलेला. मागणं सगळ्यांचं एकच. काकू, यातलं नाव बदलवून द्या, तालुका बदलवा, तारखा यंदाच्या टाका. बाकी राहू द्या तसंच.

रत्नमाला बदलवून द्यायची. एक कळ दाबली की पूर्ण प्रबंधभर तुमसरची साकोली व्हायची, साकोलीचं लाखांदूर. त्यात कधी घोळही व्हायचा. एका वर्षी मॅंगनीजच्या खाणी तुमसरातून उठून लाखांदुरात गेल्या, आणि त्या मुलाला पहिला वर्ग मिळाला. प्रफुल्ल ही गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. त्याचं तोंड मशीनपेक्षा जास्त चाले. म्हणायचा, मी छापतो, वाचत नाही. वाचत बसलो असतो तं प्रोफेसर झालो असतो, अन् घड्याळी तासाच्या पगारावर उपाशी मेलो असतो.

रत्नमालेनं लग्नाआधी तुमसरला मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती. एवढंच तिचं पुढचं शिक्षण. पण इतकी वर्षं प्रबंध टाइप करून संशोधनाचे शब्द तिच्या ओळखीचे झाले होते, शेजारच्या घरातली माणसं होतात तसे. गृहीतक म्हणजे शोध सुरू करायच्या आधीच पोरांना माहीत असलेलं उत्तर. निष्कर्ष म्हणजे तेच उत्तर, शेवटच्या पानावर. प्रश्नावली म्हणजे होस्टेलच्या खोलीत बसून तीन वेगवेगळ्या पेनांनी भरायचा कागद. तळटीप पानाच्या पायाशी राहते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. ‘तत्रैव’ म्हणजे वरचंच पुस्तक पुन्हा, हे तिनं स्वतःच ओळखलं. आणि एक होता माहितीदाता. मुलाखत देणारा गावचा माणूस. त्याची यादी प्रबंधाच्या मागे परिशिष्टात असते.

त्या यादीत दरवर्षी तिचा नवरा असायचा.

नवरा म्हणजे केवळराम. बपेऱ्याचा, तुमसर तालुक्यातल्या सिहोऱ्याच्या पुढच्या बपेऱ्याचा. गावाच्या तलावाचं पाणी कोणत्या दिवशी सोडायचं, धानाच्या कोणत्या बांधीत आधी जाऊ द्यायचं, केव्हा तोंड बंद करायचं, हे बघायचं काम गावानं त्याच्याकडे दिलं होतं. गाव त्याला पाणकर म्हणे. धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या दिवसांत शेतकरी त्याच्या दारात येऊन बसायचे, गोड बोलायचे, भांडायचे. तो बोलणाऱ्याकडे न बघता तलावाच्या दिशेनं बघायचा. कधी त्यानंतर उत्तर द्यायचा, कधी नुसताच बघायचा.

मुलीच्या, रिताच्या शाळेसाठी रत्नमाला भंडाऱ्यात खोली करून राहिली आणि प्रफुल्लच्या दुकानात लागली. केवळराम गावातच. पाणी सोडून येणार कसा? पंधरा दिवसांनी एसटीनं यायचा. सोबत तांदूळ, हंगाम असला तर शिंगाडे. आला की खोलीच्या दारात बसायचा. काय चाललं गावात, असं तिनं विचारलं की म्हणायचा, चाललं. त्यांच्या संसारात भांडण म्हणून फारसं झालं नाही, कारण भांडायला दोघं लागतात.

तो खरोखरचा माहितीदाता झाला तो एकदाच. दिवाळीच्या सुट्टीत रत्नमाला गावी होती. एम.फिल.चा एक पोरगा सायकलीवरून आला. काटकुळा, मान पुढे काढून चालणारा, सुगत नावाचा. तलावांवर लिहीत होता. त्यानं खाटेवर टेपरेकॉर्डर ठेवला, बटण दाबलं, आणि केवळराम गप्प झाला.

“हे बंद कर. मंग बोलतो,” केवळराम म्हणाला.

“काका, बंद केलं तर तुम्ही बोलल्याचा पुरावा काय राहील?”

“पुरावा कायले पायजे? तलाव तं तिथंच हाय.”

पोरगा हसला. केवळराम हसला नाही, पण मग बोलायला लागला. रत्नमाला आत चुलीशी होती. दाराआडून चहा पुढे केला आणि आत वळली. बाहेरून नवऱ्याचा आवाज येत होता, संथ, एकसारखा, मध्ये फारसा न थांबणारा. शब्द कळत नव्हते. इतका वेळ बोलताना तिनं त्याला कधी ऐकलं नव्हतं. कुणी दुसराच माणूस ओसरीवर येऊन बसला असावा असं तिला वाटलं. बाहेर जाऊन बघावं असंही वाटलं. पण भात लागला असता.

त्यानंतर दुसऱ्या पावसाळ्यात त्याला ताप आला. आधी गावात गोळ्या, मग तुमसर, मग भंडारा. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पोरं लाकडी बैल ओढत दारोदार फिरत होती, तेव्हा तो सरकारी दवाखान्याच्या खाटेवर गेला. रत्नमाला रडली नाही असं बायका म्हणाल्या. ती रडली होती, पण आपण दुसऱ्या कुणाच्या घरी रडायला आलोय असं तिला सारखं वाटत होतं. तेरवी झाली. ती दुकानात येऊन पंख्याखाली बसली. बोटं कळांवर ठेवली आणि बोटं चालायला लागली. बाकीची बाई त्यांच्या मागे मागे चालली.

त्या फेब्रुवारीत एक मुलगा सुगतच्या प्रबंधावरून उतरवलेला दुसऱ्याच कुणाचा प्रबंध घेऊन आला. नाव आणि तारखा बदलवून द्या म्हणाला. रत्नमाला शेवटच्या पानापर्यंत गेली. परिशिष्ट दोन. माहितीदात्यांची सूची. तिसऱ्या ओळीत होतं, श्री. केवळराम तुलाराम शेंडे, वय ४८, व्यवसाय शेती, मु. बपेरा. पुढे मुलाखतीची तारीख, ती जानेवारीची करा असं त्या मुलानं पेन्सिलीनं लिहून दिलं होतं. जानेवारीत केवळराम मरून चार-पाच महिने झाले होते.

तिनं हात थांबवले. समोरून प्रफुल्लनं विचारलं, काय झालं, मशीन अटकली का? ती काही नाही म्हणाली. आणि तारीख टाकली.

काय वाटलं, असं तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो, आपला असून आपला नसतो, तसं काहीतरी. नवऱ्याचं नाव तिनं लग्नात उखाण्यापुरतं घेतलं होतं, त्यानंतर तोंडातून कधी काढलं नव्हतं. ‘रिताचे बाबा’ यावर आयुष्य गेलं. आणि आता ती अक्षरं एकेक करून बोटांखालून जात होती, आधी ‘श्री.’ लावून.

मग ते चालूच राहिलं. दर फेब्रुवारीत केवळराम मुलाखत द्यायचा. कधी डिसेंबरात, कधी संक्रांतीच्या आसपास. पोरं त्याच्या तोंडी काहीही घालायची. शासनाने जलसंवर्धनाकडे गांभीर्याने लक्ष द्यावे, असे प्रतिपादन श्री. केवळराम शेंडे यांनी केले. प्रतिपादन हा शब्द त्यानं ऐकला असता तर बैलाचं औषध समजला असता. एका मुलीनं त्याला ‘अशिक्षित परंतु अनुभवी’ केलं होतं, खरं तर तो सातवी पास होता. रत्नमालेनं तेही टाइप केलं. वय मात्र कुणी बदललं नाही. कुणाच्या लक्षातच आलं नाही. तो अठ्ठेचाळीसचाच राहिला आणि एका वर्षी तिला कळलं की आपण त्याच्याहून मोठ्या झालो. त्या दिवशी दुकान बंद करताना तिनं प्रफुल्लला विचारलं होतं, तुझी बायको तुझ्याहून लहान आहे ना? तो म्हणाला होता, वयानं लहान आहे, बाकी मोठीच आहे. ती बरं म्हणाली आणि घरी गेली.

रिता नागपूरला नर्सिंगला लागली. खोलीत रत्नमाला एकटी. त्या यादीतली ओळ सोडली तर नवऱ्याचं नाव आता कुठेच लागत नव्हतं. रेशनकार्डावरून निघालं, गावच्या घरपट्टीवर त्याच्या भावाचं आलं, तलावावर दुसरा पाणकर आला. ती ओळ आपण राखतोय असं ती स्वतःलाही कधी म्हणाली नाही. पण पोरांनी ती काढा म्हटलं असतं तर काय केलं असतं, हा प्रश्न कधी आला नव्हता.

तो प्रश्न रश्मी घेऊन आली.

रश्मी पवनीकडची. बापाचं सायकलदुरुस्तीचं दुकान, घरात एम.ए.पर्यंत पोचलेली पहिलीच. ती दुपारी आली आणि काउंटरवर पानं ठेवून स्टुलावर बसली.

“काकू, मी मेली.”

“मरायच्या आधी जुनं बिल देऊन दे,” प्रफुल्ल मशीनवरून म्हणाला.

रश्मीनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तिला सगळं सांगायचं होतं. यंदा नवीन मार्गदर्शक आले होते, सुगत सर. फार कडक. पहिल्याच तासाला त्यांनी फळा भरून टाकला होता. प्राथमिक साधन म्हणजे ज्यानं स्वतः पाहिलं, केलं, त्याचा शब्द. दुय्यम म्हणजे त्याचं ऐकून दुसऱ्यानं लिहिलं ते. आणि दुसऱ्याचं बघून तिसऱ्यानं उतरवलं तर ते साधन नाही, ती झेरॉक्स.

“झेरॉक्सले नावं ठेवाचं काम नाही,” प्रफुल्ल म्हणाला.

कोणतंही वाक्य समोर आलं की चार गोष्टी विचारायच्या, असं सर म्हणाले होते. कोण बोललं, केव्हा बोललं, त्याला कसं माहीत, आणि दुसरीकडून पडताळा येतो का. रश्मीनं हे परीक्षेसाठी पाठ केलं होतं. आपल्याच प्रबंधाला कुणी हे विचारेल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं पवनीकडच्या पाच-सहा गावांत खरंच जाऊन मुलाखती घेतल्या होत्या. पण यादी लहान दिसत होती. मागच्या वर्षीच्या एका सिनियरच्या प्रबंधातली नावं तिनं आपल्या नावांच्या वर जोडली आणि दुकानात येऊन तुमसरची पवनी करून घेतली. सरांनी आज सकाळी एका ओळीला लाल गोल केला. बपेरा पवनी तालुक्यात कधीपासून, असं विचारलं.

“मंग तू काय म्हणाली?” रत्नमालेनं विचारलं. तिला लाल गोल दिसत होता. तिसरी ओळ.

“मी म्हटलं, टायपिंगवालीची चूक हाय, सर.”

“बरं केलं.”

“तिथं भागलं असतं वो काकू. पण सरांनी नाव वाचलं. अन् एकदम खुश झाले.” रश्मी आता रडायच्या बेतात होती. “म्हणाले, हे तर माझे पहिले माहितीदाते. कसे आहेत? मी म्हटलं, बरे हायत, सर. म्हणाले, दिसतात कसे आता? मी म्हटलं, थकले थोडे.”

प्रफुल्ल मशीनवर वाकून हसला. रत्नमाला हसली नाही. इतक्या वर्षांत केवळरामचं वय वाढवणारं हे पहिलंच कुणीतरी होतं. तिच्या डोळ्यांपुढे क्षणभर एक थकलेला केवळराम आला, पांढऱ्या मिशांचा, एसटीतून उतरताना दांडी धरणारा. मग गेला.

सर रविवारी रश्मीला घेऊन बपेऱ्याला जाणार होते. आपल्या विद्यार्थिनीबरोबर आपल्या जुन्या माणसाला भेटायचं म्हणून त्यांना फार आनंद झाला होता. रश्मीचा उपाय सोपा होता. ओळ काढून टाकायची. त्या काकांनी मुलाखतीला नंतर नाही म्हटलं, नाव देऊ नको म्हणाले, असं सरांना सांगायचं. सर तिकडे गेले तरी मग ती वेगळी गोष्ट.

“उडवून टाका, काकू. एकच ओळ तं हाय.”

रत्नमालेनं फाईल उघडली. परिशिष्टावर आली. तिसऱ्या ओळीवरून माउस फिरवला, ओळ निळी झाली. एक कळ दाबायची होती. तिनं आयुष्यात हजारो ओळी उडवल्या होत्या, लोकांचे आजे, गावं, अख्खे तालुके. बोट कळेवर ठेवलं. बोट तिथंच राहिलं. दुःख वगैरे काही झालं नाही. बोट खाली गेलं नाही, एवढंच. पंखा फिरत होता, मशीनमधून कुणाच्या तरी जातीच्या दाखल्याच्या प्रती पडत होत्या.

तिनं माउस दुसरीकडे टेकवला. ओळ पुन्हा पांढऱ्यावर काळी झाली.

“तुया सरले इथं घेऊन ये,” ती म्हणाली.

“कायले?”

“बपेऱ्याले जायाचं काम नाही म्हण. पत्ता इथं भेटते.”

“तुम्ही ओळखता त्यायले?”

“हो.”

रश्मीनं आणखी विचारलं. काय नातं, गावचे का, फोन आहे का. रत्नमालेनं एवढंच सांगितलं की उद्या दुपारी आण, तेव्हा गर्दी नसते.

सर दुसऱ्या दिवशी आले. काटकुळा पोरगा आता भरला होता, चष्मा लागला होता, पण मान अजून पुढेच काढलेली. प्रफुल्लनं खुर्ची पुसून दिली. रश्मी मागे भिंतीला लागून उभी राहिली, फाशीच्या कैद्यासारखी. सर बसले नाहीत. केवळरामजींचा पत्ता तुमच्याकडे आहे असं कळलं, म्हणाले.

“तुम्ही आमच्या घरी आले होते, सर,” रत्नमाला म्हणाली. “चहा अर्धा ठेवला होता. साखर जास्त झाली होती.”

सरांनी तिच्याकडे बघितलं. बराच वेळ लागला त्यांना. ओसरीवरच्या मुलाखतीत दाराआडून कपबशी पुढे करणारा हातच तेवढा त्यांनी पाहिला असणार.

“वहिनी?”

“ते नाहीत आता. तुम्ही येऊन गेले, त्याच्या दुसऱ्या वर्षी तान्ह्या पोळ्याले गेले.”

प्रफुल्लनं मशीन बंद केली. आपल्या दुकानातली शेंडे काकू आणि आपल्या कागदांवरचा शेंडे यांचा त्यानं कधी मेळ घातला नव्हता. रश्मी खाली बघत होती. सर खुर्चीत बसले. मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला, त्यांना दुसरं काय करावं ते सुचलं नसावं. तारखा जुळवायला लागले. ग्रंथालयात असे किती प्रबंध आहेत, कुणाकुणाचे, सगळ्यांत हे नाव आहे का, असं विचारायला लागले. रत्नमाला हो म्हणत गेली.

“रश्मी,” सर मान न वळवता म्हणाले, “थकले म्हणालीस ना?”

रश्मी रडायला लागली. सरांनी तिला थांबवलं नाही. आपण माणसाला भेटलो नाही हे न सांगणं एक, आणि त्याला म्हातारा करून आणणं दुसरं, असं काहीसं ते बोलले. आवाज चढवला नाही. मग रत्नमालेकडे वळले.

“अन् तुम्ही टाइप करत राहिलात.”

“हो.”

“काहून, वहिनी?”

रत्नमालेनं विचार केला. खोटं सांगायचं नव्हतं, आणि खरं काय ते तिला नीट माहीत नव्हतं.

“नावाच्या आधी ‘श्री.’ होतं,” ती म्हणाली. “ते वाचून मले बरं वाटे, असंही नाही. काहीच नाही वाटे. पण असू दे म्हटलं.”

बाहेरून एका मुलानं आधारकार्डाची प्रत मागितली. प्रफुल्लनं त्याला हातानंच नंतर ये म्हणून सांगितलं. गिऱ्हाइकाला परत पाठवताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं.

“काढून टाकता का नाव?” रत्नमालेनं विचारलं. “रश्मी म्हणत होती काढायले. माह्याच्यानं नाही होत. तुम्ही कळ दाबा.” ती खुर्चीतून थोडी बाजूला झाली.

सर उठून संगणकापुढे आले. ओळ वाचली. आणि कळ दाबली नाही.

“काढायचं कशाला?” ते म्हणाले. “केवळरामजी बोलले होते. माझ्याजवळ बोलले होते. ते खोटं नाही. त्याच्यानंतरचं खोटं आहे. तेवढंच काढू.”

मग ते सांगत गेले आणि रत्नमाला करत गेली. ही ओळ माहितीदात्यांतून उचलायची, कारण रश्मी त्यांना भेटलेली नाही. ती संदर्भसूचीत जाईल, दुय्यम साधनांत, सुगतच्या प्रबंधाखाली. आधी नाव, मग मुलाखत कुणी घेतली, कुठे, आणि तारीख खरी, दिवाळीच्या सुट्टीतली. तालुका तुमसर. नावासोबत उतरून आलेलं ‘प्रतिपादन केले’ हे वाक्य पूर्ण निघेल. रश्मीला पुढच्या आठवड्यात पवनीकडचा दुसरा पाणकर शोधून त्याच्याशी स्वतः बोलायचं होतं, मगच तिचा प्रबंध विद्यापीठात जाईल. तिनं डोळे पुसून हो म्हटलं.

“वय?” रत्नमालेनं विचारलं.

“अठ्ठेचाळीस.”

“आता तं नाही राहिले ना ते.”

“त्या दिवशी होते ना. मुलाखत त्या दिवसाची आहे.”

“अन् पुढच्या वर्षी कोणी पोरगं आलं अन् तारीख बदलवा म्हणालं तं?”

“ही तारीख बदलता येत नाही म्हणून सांगायचं.”

एक गोष्ट राहिली होती. सरांनी चष्मा वर सरकवला, खाली घेतला.

“श्री. काढावं लागेल, वहिनी. ‘कै.’ लिहा.”

रत्नमालेनं पडद्यावरची खूण टिंबाच्या आधी नेऊन ठेवली. ‘श्री’ मागे मागे खोडला. टिंब खोडलं नाही, ते दोन्हीला चालत होतं. मग ‘कै’ टाइप केला. इतकी वर्षं कुणासमोर तिनं हे म्हटलं नव्हतं. घरच्या फोटोला हार होता, पण फोटोखाली काही लिहिलेलं नव्हतं. तिनं पडद्याकडे बघितलं. जड वाटेल असं वाटलं होतं. ओळ आधीसारखीच दिसत होती, तेवढ्याच रुंदीची.

“तुमच्याजवळ त्यायचा आवाज हाय?” तिनं विचारलं. “ती मशीन आणली होती ना तुम्ही.”

सर ओशाळले. सगळ्या गावांना मिळून दोनच कॅसेटी होत्या, म्हणाले. कागदावर उतरवून झालं की त्याच्यावरच पुढचं गाव टेप करायचे, तेव्हा सगळेच असं करत. केवळरामजींच्या जागी आता नाकाडोंगरीची जनाबाई आहे. धान रोवण्याचं गाणं म्हणते.

“बरं म्हणते का?”

“छान म्हणते.”

रत्नमालेनं मान हलवली. मग तिनं ते विचारलं जे त्या दिवशी चुलीशी बसून तिला वाटलं होतं आणि त्यानंतर कधी वाटलं नव्हतं.

“माह्याबद्दल काही बोलले होते का?”

रश्मीनं सरांकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं, हो म्हणा, सर. प्रफुल्लच्याही. एकच वाक्य तर लागत होतं. बायको फार चांगली आहे, असं काहीही. पडताळायला कॅसेट नव्हती, माणूस नव्हता. सरांनी दोघांकडे बघितलं नाही. रत्नमालेकडे बघितलं.

“नाही, वहिनी,” ते म्हणाले. “तलावाचंच बोलले.”

“पूर्ण वेळ?”

“पूर्ण वेळ.”

रश्मीनं श्वास सोडला, नाराजीचा. रत्नमाला मात्र खुर्चीत जरा मागे टेकून बसली. इतक्या वर्षांत त्या नावापुढे आलेली सगळी वाक्यं तिनं टाइप केली होती, आणि त्यातलं एकही रिताच्या बाबांचं नव्हतं. हे होतं. हे ऐकल्याबरोबर तिनं ओळखलं.

“काय बोलले तलावाचं?” तिनं विचारलं.

सर खुर्चीत नीट बसले. वर्गात बसतात तसे, हात मांडीवर. “पाण्याच्या नियोजनाबद्दल त्यांचं असं मत होतं,” त्यांनी सुरुवात केली, “की वितरण करताना प्रथम शेवटच्या...”

“सर.”

सर थांबले.

“नियोजन नाही म्हणाले असतील ते.”

“नाही,” सर म्हणाले. “ते मी घातलं.”

“मंग ते म्हणाले तसं सांगा.”

सरांनी चष्मा काढून हातात धरला. डोळे मिटले, उघडले, बाहेरच्या रस्त्याकडे बघितलं. रश्मी भिंतीपासून सुटून पुढे आली. आठवायला वेळ लागत होता. रत्नमालेनं कीबोर्ड टेबलावर पलीकडे सरकवून दिला आणि वाट बघत बसली.